त्वचा अखंड

आमच्या भागातल्या सगळ्या पाळणाघरांमध्ये सर्वांत जास्त मुलं आमच्याकडे पडतात, हे कागदोपत्री सिद्ध झालं, आणि सिद्ध करणारी मीच होते. दुसऱ्या कुणी असा आरोप केला असता तर मी पुरावा मागितला असता. इथे पुरावा माझा, मोजमापं माझी आणि अक्षर इतकं स्वच्छ की "वाचता आलं नाही" म्हणायचीही सोय नव्हती.

कार्यालयाचं पत्र छोटंसं होतं. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं आहे, त्याआधी तपासनीस येऊन जातील आणि "इजांचे चढते प्रमाण पाहता" परवाना पुढे चालू ठेवायचा की नाही ते त्या भेटीत ठरेल.

सासूबाईंनी पत्र हातात घेतलं, दूर धरलं, जवळ धरलं. "चढते म्हणजे?"

"वाढत चाललेलं."

"मुलं तर तेवढीच आहेत."

"मुलं तेवढीच आहेत. पडणं वाढलंय."

"पडणं कसलं वाढतंय. तुझं लिहिणं वाढलंय."

"लिहिणं पहिल्या दिवसापासून सारखंच आहे," मी म्हटलं. "म्हणून तर तुलना करता येते."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाच्या वेळी मुलाने या मुलीत नेमकं काय बघितलं होतं ते त्यांना अजून आठवत नसावं.

मी आधी औषधांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत होते. गोळ्या तपासायचे. गोळीचं वजन, जाडी, कडेचा टवका उडालाय का, उडालाय तर केवढा आणि कुठल्या बाजूचा, हे सगळं लिहून सही करायची. पुढे कारखाना दुसरीकडे हलवला, मी हलले नाही. घरातच पाळणाघर काढलं. सासूबाईंनी त्यांची पुढची मोठी खोली दिली, अट एवढीच की खिडकीजवळची त्यांची खुर्ची जागची हलणार नाही. गोळ्या रडत नाहीत आणि मुलं रडतात, एवढा फरक सोडला तर काम साधारण सारखंच असेल अशी माझी समजूत होती. यावरून माझ्या समजुतींचा दर्जा लक्षात यावा.

कार्यालयाने इजांची नोंद ठेवायला एक छापील कागद दिला होता. त्यावर एकच ओळ होती: "काय झाले". बाकीची पाळणाघरं त्यावर "पडला, ठीक आहे" असं लिहून मोकळी होतात. मला एका ओळीत श्वास घेता येत नाही. मी स्वतःचा तक्ता आखला. जागा, वेळ, जमिनीचा प्रकार, पायात काय होतं, इजेचा प्रकार, लांबी, रंग, त्वचा अखंड की भंगलेली, उपचार, साक्षीदार. खाली माणसाची आकृती, एक पुढून आणि एक पाठीकडून. एक प्रत वहीत, एक पालकांना.

पद्धतही ठरलेली होती. मूल रडत आलं की स्वयंपाकघराच्या ओट्याजवळच्या उंच स्टुलावर बसवायचं. हात धुवायचे, कोरडे करायचे. आधी मोजायचं, मग पुसायचं, कारण पुसल्यावर जखमेचा रंग बदलतो. भिंगातून बघायचं. पारदर्शक फूटपट्टी शेजारी धरायची. मग विचारायचं: कुठे उभा होतास, कुठला पाय आधी, समोर कोण होतं. शेवटी लाल पेन्सिल मुलाच्या हातात द्यायची आणि आकृतीवर जागा त्यानेच दाखवायची. या सगळ्या वेळात बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, असा कडक नियम होता.

पालक सुरुवातीला दचकायचे. एक मुलगा सतत गरगर फिरत असतो आणि फिरता फिरता पडतो, त्याला आम्ही भोवरा म्हणतो. त्याचे वडील नळ दुरुस्त करतात. एके संध्याकाळी ते कागद हातात धरून दारातच थांबले.

"ताई, 'डाव्या गुडघ्याच्या पुढील भागी वरवरचे खरचटणे, लांबी बारा मिलिमीटर, रक्तस्राव ठिपक्याएवढा.' हे मी दोनदा वाचलं हो. मला वाटलं गुडघा तुम्ही ठेवून घेतला आणि पोरगं तेवढं परत देताय."

"वरवरचे म्हणजे काही विशेष नाही."

"मग विशेष नाही असं लिहा ना."

"ते मोजता येत नाही," मी म्हटलं. ते मान हलवत गेले. भोवरा मात्र तो कागद झेंड्यासारखा उंच धरून चालला होता. मी ते पाहिलं आणि कागद चुरगळेल म्हणून त्याला आवाज दिला. माझ्या निरीक्षणशक्तीची ही एक पावती.

पत्र आलं त्या दिवशी त्याची प्रत मी दारावर लावली. नियमात तसं काही नव्हतं, पण पालकांना माहिती असायला हवी असं मला वाटलं.

"स्वतःच्याच फाशीची जाहिरात करणारी पहिली सून," सासूबाई म्हणाल्या.

ती जाहिरात सर्वांत आधी वाचली मुंगीच्या आईने. मुंगी म्हणजे आमच्याकडची सर्वांत शांत मुलगी. भिंतीच्या कडेकडेने चालते, बूट एका ओळीत ठेवते आणि सासूबाईंच्या खुर्चीशेजारी जाऊन बसते. तिची आई बस चालवते. पहिल्या फेरीला जावं लागतं म्हणून उजाडायच्या आत मुलीला सोडते, आणि त्या वेळेला दार उघडणारं पाळणाघर आमच्याशिवाय दुसरं नाही. सासूबाईंना झोप लागत नाही म्हणून ते जमतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गणवेशात दारातच उभी राहिली, एक पाय पायरीवर. "ताई, परवाना गेला तर मी हिला ठेवू कुठे? बसमध्ये मांडीवर घेऊन चालवायची सोय नाही हो. दुपारची पाळी मागितली तर म्हणाले, मग काम सोडा."

"परवाना जाणार नाही."

"नक्की?"

मला "नक्की" म्हणता येत नाही. मी म्हटलं, "शक्यता कमी करायचा प्रयत्न करते." बसवाल्या ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग पत्राकडे, मग पळत गेल्या.

मी प्रयत्नाला लागले. घरातल्या टेबलांच्या कडांना स्पंज चिकटवला. सतरंजीच्या काठाला मुलं अडखळतात म्हणून ती उचलली. मग फरशीवर घसरू लागली म्हणून परत अंथरली आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. लाकडी ठोकळे माळ्यावर टाकून कापडी आणले. भोवऱ्याने कापडी ठोकळा हुंगला आणि खाली ठेवून दिला. ओट्याकडे कुणी एकटं जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढं फाटक बसवलं, आपोआप बंद होणारं, आत भक्कम स्प्रिंग असलेलं. शेवटी सासूबाईंच्या खुर्चीचे पायही गुंडाळले.

"मलाही गुंडाळ," त्या म्हणाल्या. "आता या घरात कुणाला लागेल असं माझं बोलणंच तेवढं उरलंय."

मी दर आठवड्याची बेरीज आलेखावर मांडून तो फ्रिजला लावला. रेष वरच जात होती. ज्या आठवड्यात फाटक बसवलं त्या आठवड्यात तर ती कागदाच्या बाहेर जायला निघाली. मी वर आणखी एक कागद जोडला.

कोपऱ्यावर आणखी एक पाळणाघर आहे, ते चालवणाऱ्या काकू मला भाजीच्या दुकानात भेटल्या. त्यांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अगं, सगळं कशाला लिहितेस? महिन्यातून एखादं लिहायचं. एकही नाही लिहिलं तर खोटं वाटतं, फार लिहिलं तर खरं वाटतं. मधलं काहीतरी धर."

मी घरी येऊन मधलं काहीतरी धरायचा प्रामाणिकपणे विचार केला. त्याच दुपारी वकीलसाहेब आल्या. ही एक लहान मुलगी आहे, पण तिच्याशी बोलताना कुणी खाली वाकत नाही. तिने कोपर पुढे केलं.

"मावशी, हे लिहा."

"हे काल लिहिलंय."

"काल छोटं होतं. आज मोठं दिसतंय. परत मोजा."

मी परत मोजलं. खपली धरल्यामुळे एक मिलिमीटरने लहान झालं होतं. वकीलसाहेबांनी निकाल मान्य केला, पण नोंद करायला लावली. मधलं काहीतरी धरण्याचा विचार तिथेच संपला.

सगळ्यांत अवघड होत्या मुंगीच्या इजा. ती पडायची नाही, कुणाशी भांडायची नाही, तरी तिच्या हातावर बारीक लाल रेषा दिसू लागल्या. सूज नाही, वेदना नाही, दाबलं तरी कुरकुर नाही. तक्त्यात मी लिहायचे: "रेषीय लालसर खूण, त्वचा अखंड, पुसण्याची गरज नाही. कारण अज्ञात." एकदा जिभेच्या टोकावरही लाल ठिपका दिसला. तो वेगळा नोंदवला, कारण तोही अज्ञात. मी गाद्या उसवून सुया शोधल्या. शेजारच्यांच्या मांजराच्या नख्या बघून आले. मांजराने सहकार्य केलं नाही आणि त्याची नोंद माझ्याच तक्त्यात झाली.

एक गोष्ट मात्र चांगली होती. एरवी तोंड न उघडणारी मुंगी स्टुलावर बसली की बोलायची. "इथे." मी विचारायचे, "इथे म्हणजे मनगटाच्या वर?" ती म्हणायची, "थोडं खाली. आधी इथे होतं, मग इथपर्यंत गेलं." एवढं लांब वाक्य तिने आमच्या घरात दुसऱ्या कुठल्याच विषयावर उच्चारलं नव्हतं. मी ते इजेच्या वर्णनात घातलं.

तिची आई एकदा म्हणाली, "तुमचा कागद घरी गेल्यावर मला पुन्हा पुन्हा वाचायला लावते. मग उशीखाली ठेवते." मी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि शेऱ्यात लिहिलं: "इजेची भीती?"

भोवऱ्याने तर एका संध्याकाळी भोकाड पसरलं. वडील घाबरून म्हणाले, "काय झालं रे?"

"आज मला काहीच नाही झालं," तो हुंदके देत म्हणाला.

"मग त्याचं दुःख करायचं का मी आता?" वडिलांनी मला विचारलं. मी म्हटलं, दमला असेल.

तपासनीस येणार त्या आठवड्याची गोष्ट. मी कप विसळत होते. मुंगी फाटकापाशी येऊन उभी राहिली, हात समोर धरून. दंडावर ताजी रेषा होती, चांगली ठळक.  तिला उचलून स्टुलावर ठेवलं आणि घाईत, हात कोरडे न करता, तिचा दंड धरला.

हात उचलला तेव्हा जखम माझ्या अंगठ्यावर आलेली होती.

विज्ञान शिकलेल्या बाईच्या मनात यावर पहिला विचार काय आला असेल? संसर्ग. मी खरोखर भिंग घेऊन स्वतःचा अंगठा तपासला. मग मुंगीच्या दंडाकडे पाहिलं. तिथे उरलेली अर्धी जखम पाण्याच्या ओघळाबरोबर कोपराकडे निघाली होती. मग तिच्या खिशातून डोकावणाऱ्या लाल पेन्सिलीकडे पाहिलं. तिचं टोक ओलं होतं. मग मुंगीला म्हटलं, "जीभ दाखव."

तिने दाखवली. टोकावर लाल ठिपका.

"आई," मी सासूबाईंना हाक मारली. "आई, ही पेन्सिल आहे."

"मग काय वाटलं तुला, मेणबत्ती?"

मी त्यांना अंगठा दाखवला. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्या इतक्या हसल्या की खुर्चीचे गुंडाळलेले पाय फरशीवर सरकले. "मोजलंस?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "लांबी किती भरली? शार्पनर लावलास का त्या जखमेला?"

मी मुंगीकडे पाहिलं. मुंगी हसत नव्हती. ती स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. जखम गेली म्हणजे आता आपल्याला खाली उतरवणार, एवढंच तिला कळलं होतं.

प्रयोगशाळेत एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. आकडा विचित्र आला की आधी तराजू तपासा. मी फरशी तपासली, गाद्या तपासल्या, शेजारच्यांचं मांजर तपासलं. तराजू मीच होते, म्हणून तो तपासायचा राहिला. इतक्या मुलांच्या घरात एक मोठं माणूस एकट्या मुलाला समोर बसवून, बाकीच्यांना गप्प करून, त्याचं म्हणणं शब्दन् शब्द लिहून घेतं, अशी एकच जागा होती. तिथे बसायचं भाडं म्हणजे जखम. मुलं ते आणत होती. भोवरा गुडघ्याने भरत होता आणि मुंगी, जिला लागून घ्यायची भीती वाटत होती, ती पेन्सिलीने.

मी हात कोरडे केले. नवीन तक्ता काढला. तारीख लिहिली.

"सांग," मी म्हटलं. "आज कुठे कुठे लागलं नाही?"

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी फूटपट्टी हातात घेऊन थांबले.

"इथे नाही," ती म्हणाली आणि कोपर दाखवलं.

"उजवं कोपर. नाही. पुढे?"

"इथे पण नाही. आणि गुडघ्याला नाही. कालच्या गुडघ्याला पण नाही. नाकाला नाही. भोवऱ्याने ढकललं तेव्हा मी पडणार होते, पण नाही पडले, भिंत होती."

मी सगळं लिहिलं. शेवटी तिने आकृतीवर हिरव्या पेन्सिलीने सगळं अंग रंगवलं, पाठीकडूनही. खाली मी लिहिलं: "त्वचा अखंड." वर बघते तर फाटकाबाहेर रांग लागलेली. वकीलसाहेब सर्वांत पुढे.

"मलाही लागलं नाहीये," त्या म्हणाल्या. "कालपासून."

त्या दिवसापासून प्रत्येकाची रोज एक नोंद, लागो न लागो. पडणं थांबलं नाही, भोवरा तो भोवराच, पण पहिल्यासारखं रांगेने पडणं बंद झालं. फक्त आलेखाची रेष खाली यायला वेळ लागतो आणि तपासनीस यायला लागत नाही. शिवाय वहीतल्या चुकीच्या नोंदी मला तशाच ठेवता येईनात. खोडायची तर रबर वापरायचा नाही, खालचं वाचता येईल अशी एकच सरळ रेघ मारून बाजूला कारण लिहायचं आणि सही करायची, ही कारखान्यातली सवय. मी पानामागून पान "जखम नव्हे, रंगीत पेन्सिल" असं लिहीत गेले.

तपासनीस बाई सकाळीच आल्या. पन्नाशीच्या, खांद्यावर जड पिशवी, चेहऱ्यावर आदल्या दिवशीच्या चार ठिकाणांचा थकवा. त्यांनी टेबलांच्या स्पंजला बोट लावून पाहिलं, खुर्चीच्या गुंडाळलेल्या पायांकडे पाहिलं आणि वही मागितली. बराच वेळ पानं उलटल्यावर म्हणाल्या, "हे रंगीत पेन्सिल म्हणजे काय?"

मी समजावून सांगितलं. आलेखासकट.

"म्हणजे तुमच्या नोंदी चुकीच्या आहेत."

"काही."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या खऱ्या आहेत. पण त्यातल्या बऱ्याच मुद्दाम आहेत."

"मुद्दाम म्हणजे? मुलं मुद्दाम पडतात?"

"हो."

"तुमच्याकडे?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं. खुर्चीतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. त्या खोकल्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे, पण वाक्य सुरू केलं की पूर्ण करायची मला खोड आहे. "मी लक्षपूर्वक लिहिते, म्हणून त्यांना लागतं. लिहिलं नसतं तर कमी लागलं असतं."

तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी साहेबांना कुठल्या रकान्यात लिहून देऊ, ते सांगा. बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. बाकीच्या ठिकाणी मला सगळं ठीक आहे असं सांगतात आणि मला शोधावं लागतं. तुम्ही तर स्वतःच हातात आणून देताय. मी काय करायचं?"

 बसवाल्या ताईंचा पायरीवरचा पाय तेवढा डोळ्यांपुढे आला.

"स्वयंपाकघर बघते," असं म्हणून त्या उठल्या. मी सांगायच्या आत त्यांनी फाटक ढकललं आणि पिशवी आत ओढण्यासाठी मागे वळल्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठी मी स्वतः निवडलेली ती भक्कम स्प्रिंग. फाटक परत आलं आणि त्यांचं बोट कडेत सापडलं.

मुलं खेळ सोडून फाटकापाशी गोळा झाली.

"काही नाही," तपासनीस बाई ओठ दाबून म्हणाल्या. "काही नाही झालं."

त्या क्षणी मी परवान्याचा विचार करायला हवा होता. माफी मागायला हवी होती, सरबराई करायला हवी होती. माझ्या हातांनी स्टूल पुढे ओढलं.

"बसा."

"अहो नको. खरंच काही नाही."

"बसावं लागतं," वकीलसाहेब म्हणाल्या. "सगळ्यांना बसावं लागतं. मोठ्यांना पण."

मुंगी भिंतीच्या कडेने आली आणि तिने लाल पेन्सिल तपासनीस बाईंच्या मांडीवर ठेवली. बाई बसल्या. मी हात धुतले, कोरडे केले. भिंग धरलं.

"उजव्या हाताची तर्जनी. दुखतंय कुठे, टोकाला की पेराला?"

"पेराला. वरच्या."

"बोट वाकवता येतं? हळू. पिशवी कुठल्या हातात होती?"

"डाव्या. नेहमी डाव्याच. उजवा खांदा..." त्या थांबल्या. मी पेन धरून थांबले. बाकीचे नियमाप्रमाणे गप्प होते. "उजवा खांदा दुखतो. बरेच दिवस झाले. पिशवीमुळेच असेल. आणि हे बोट पूर्वीही एकदा सापडलं होतं, गाडीच्या दारात. तेव्हा पुढच्या ठिकाणी पोचायचं होतं. रुमाल गुंडाळून तशीच गेले. घरी सांगायचं राहूनच गेलं."

"त्या वेळी नख गेलं होतं?"

"गेलं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

"थोडं तिरकं वाढलंय."

त्यांनी स्वतःचं नख जवळ धरून पाहिलं. मग आणखी बोलत राहिल्या. मी "इतर माहिती" या रकान्यात लिहीत होते आणि जागा पुरली नाही तेव्हा कागद उलटला. शेवटी त्यांनी आकृतीवरच्या बोटाला लाल ठिपका दिला, मग थोडा विचार करून खांद्यालाही. मी बोटाला गार पाण्याची पट्टी बांधली. साक्षीदाराच्या जागी मुंगीने एक आडवी रेघ काढली.

"याची एक प्रत मला मिळते ना?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"एक प्रत घरी जाते."

त्यांनी ती पूर्ण वाचली. नीट चौकोनी घडी केली आणि कार्यालयाच्या कागदांबरोबर न ठेवता पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. चेन लावली. मग पुढे उभ्या असलेल्या मुलांकडे एकेक करून पाहिलं, आणि ज्या स्टुलावर बसल्या होत्या त्याच्याकडे. उतरण्याची त्यांना काही घाई दिसली नाही.

"रोज सगळ्यांचं करता हे?"

"आता रोज. न लागलं तरी."

"हं," त्या म्हणाल्या. मग पट्टी बांधलेल्या बोटाने कसंबसं पेन धरून त्यांनी शेरा लिहिला. परवाना पुढे चालू. स्वयंपाकघराचे फाटक तात्काळ काढावे. दैनंदिन नोंदीची पद्धत सुरू ठेवावी. कागद माझ्या हातात देताना म्हणाल्या, "आणि आजची माझी ती तुमच्या बेरजेत धरू नका. मी काही मूल नाही."

"नियमात 'जागेवर झालेली कोणतीही इजा' असं आहे."

मागून खोकला आला, या वेळी लांबलचक.

तपासनीस बाई पहिल्यांदाच हसल्या. "धरा, धरा. नाहीतर झोपायच्या नाहीत तुम्ही."

दुपारी मुंगीची आई आली. पायरीवर थांबून तिने आधी दाराकडे पाहिलं. पत्राच्या जागी मी शेऱ्याची प्रत लावली होती. ती वाचून तिने टोपी काढली, आणि काही बोलणार एवढ्यात मुंगीच बोलायला लागली. फाटक कसं आलं, बोट कसं सापडलं, बाई कशा म्हणाल्या काही नाही आणि कसं काहीतरी झालंच होतं, आणि साक्षीदार कोण. आई दारातच उकिडवी बसली आणि सगळं ऐकत राहिली. बोलता बोलता दोघी निघाल्या. माझ्या हातातला मुंगीचा आजचा कागद, सगळा हिरवा, तसाच राहिला. मी हाक मारली नाही.

फाटक त्याच दिवशी काढलं. बिजागरीत माझाही अंगठा सापडला, तो मी नोंदवला. मुलं गेल्यावर स्टूल ओट्याखाली सरकवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तिथेच."

"का?"

"दुनियेचं लिहितेस. माझ्या गुडघ्याचं कधी लिहिणार?"

त्यांना त्या उंच स्टुलावर चढता आलं नसतं. म्हणून स्टूल घेऊन मीच त्यांच्या खुर्चीशेजारी बसले. नवा तक्ता काढला, तारीख घातली, गुडघा पाहिला.

"त्वचा अखंड," मी लिहिलं. "कधीपासून दुखतोय?"

सासूबाईंनी सुरुवात माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधीपासून केली. मी कागद उलटला, आणि थोड्या वेळाने उठून पुरवणी आणली.